‘घेतले’, ‘उचलले’ की ‘चोरले’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका नव्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना त्यातली तीन-चार पाने एका जुन्या, आता बाजारात मिळत नसलेल्या पुस्तकाशी जवळजवळ शब्दशः जुळतात, हे तुमच्या ध्यानात आले. ‘वाङ्मयचौर्य’ लिहायला हात धजावत नाही, ‘प्रभाव’ लिहिणे खोटे वाटते आणि ‘उचलेगिरी’ लिहिले तर भांडण ओढवून घेतल्यासारखे होईल. मग नेमका शब्द कोणता?

हस्तलिखिते तपासणे आणि अनुवाद मुळाशी ताडून पाहणे हे काम मी बत्तीस वर्षे करतो आहे. हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर येतो. बहुतेक जण शब्द निवडताना ‘किती घेतले’ एवढेच मोजत बसतात. मराठीतले शब्द मात्र प्रमाणावरून फारसे ठरत नाहीत, घेणाऱ्याने ते सांगितले की झाकले यावरून ठरतात. आख्खे नाटक घेऊनही एखादा ‘रूपांतरकार’ म्हणून मानाने मिरवतो आणि दुसरा दोन ओळींसाठी चोर ठरतो.

हा फरक तुकारामांइतका नेमका कुणी केलेला मला माहीत नाही. ‘संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें’ असे ते स्वतःबद्दल म्हणतात. माझे बोल संतांचे उष्टे आहेत, ही उघड कबुली. ‘फोडिलें भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही’ हेही त्यांचेच. आणि हेच तुकाराम, दुसऱ्यांची वचने आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोंवर मात्र तुटून पडतात: ‘अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें । मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें’. एकाचे ते आपले म्हणणे. वाङ्मयचौर्याची याहून आटोपशीर व्याख्या मला कुठल्या नियमावलीत सापडलेली नाही. त्यातला ‘मोडूनि’ हा शब्दही सोडू नका. वचन आख्खे घेतले तर ओळखू येते, म्हणून मोडून घ्यायचे. वाक्यातले चार शब्द बदलून, क्रियापद पुढचे मागे करून परिच्छेद आपल्या नावावर खपवणारे हस्तलिखित समोर आले की मला ही ओळ आठवते.

ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडे ‘तैसा व्यासांचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु’ असे आले आहे. नऊ हजार ओव्या लिहिणारा माणूस सांगतो की मी कुणाच्या तरी पावलांवरून आलो आणि कुणाला तरी वाट विचारली. ‘मागोवा घेणे’ आणि ‘वाट पुसणे’ हे घेण्यासाठीचे मराठीतले सर्वांत सभ्य शब्द असावेत. ‘संदर्भ’ आणि ‘ऋणनिर्देश’ नंतर आले, पण काम तेच करतात.

आता चोरीच्या बाजूचे शब्द घेऊ, कारण तुमची अडचण तिथेच आहे.

‘वाङ्मयचौर्य’ हा वर्तमानपत्रांत आणि विद्यापीठांत रुळलेला शब्द. तत्सम असल्यामुळे तो चोरीला सोवळे नेसवतो, पण आरोप तितकाच जड राहतो. त्यात ‘चौर्य’ आहे आणि चोरी म्हटली की हेतू आला. घेणाऱ्याला ठाऊक होते आणि त्याने मुद्दाम दडवले, असे तुम्ही या एका शब्दात म्हणून जाता. ते सिद्ध करता येत असेल तरच वापरा. ‘साहित्यचोरी’ हा त्याचा सुटसुटीत भाऊ, पण तो मी टाळतो. ‘साहित्य चोरीला’ असा मथळा दिसला की मला आधी पाइप आणि तारा दिसतात, कविता नंतर.

‘उचलेगिरी’बद्दल जरा थांबायला हवे. बोलण्यात तो फार चालतो; कल्पना उचलली, चाल उचलली, प्रसंग उचलला. ‘उचलणे’ हे क्रियापद मला चालते. त्यात घेण्याची कृती आहे, थोडा रागही आहे, पण फौजदारी खटला नाही. ‘उचलेगिरी’ आणि ‘उचल्या’ मात्र मी छापू देत नाही. उचल्या हे एका समाजाचे नाव आहे. इंग्रजांनी १८७१मध्ये केलेल्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. लक्ष्मण गायकवाड यांनी तोच शब्द आपल्या आत्मकथनाचे शीर्षक केला आणि त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर हा शब्द मराठी वाचकासाठी पूर्वीसारखा राहिलेला नाही. कुणाच्या तरी कॉपी-पेस्टचे पाप एका समाजाच्या नावाने का मोजायचे? गंमत अशी की त्याच धातूचा ‘उचल’ हा शब्द अगदी प्रामाणिक आहे. उचल घेतली की ती वहीत लिहिली जाते आणि फेडावी लागते. उचलणे आणि उचल घेणे यांत फरक फक्त त्या वहीतल्या नोंदीचा.

‘ढापणे’, ‘लाटणे’, ‘लंपास करणे’, ‘खिशात घालणे’ हे गप्पांतले शब्द. परीक्षणात ते आले की लेखकाऐवजी परीक्षकाच्या स्वभावाची चर्चा सुरू होते. ‘ढापणे’ मला आवडतो, याचे कारण ढापा म्हणजे झाकण. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, पण वाङ्मयचौर्यात झाकण महत्त्वाचे हे त्या शब्दाला ठाऊक असल्यासारखे वाटते.

‘कॉपी’ हा वेगळाच प्राणी आहे. परीक्षेत ‘कॉपी मारणे’ म्हणजे नियम मोडणे. तिथे मूळ मालकाला कुणी विचारत नाही, उलट बऱ्याचदा तोच वही तिरकी धरून बसलेला असतो. वृत्तपत्रात ‘कॉपी’ म्हणजे चक्क स्वतः लिहिलेला मजकूर. त्यामुळे ‘या लेखकाने कॉपी केली आहे’ हे वाक्य ऐकायला सोपे, पण लेखी बऱ्यापैकी पोकळ. शब्दशः जुळणी दाखवायची असेल तर ‘कॉपी’पेक्षा ‘जसेच्या तसे’ हे दोन शब्द जास्त काम करतात.

‘नक्कल’चे घराणे मोठे. कचेरीत मिळणारी सही-शिक्क्याची नक्कल अस्सलाइतकीच ग्राह्य. रंगमंचावर नकला करणाऱ्याला टाळ्या पडतात, कारण मूळ माणूस कोण हे सर्वांना कळते आणि कळलेच पाहिजे. तिसरी पाती ‘नकली’, म्हणजे खोटे. एकाच शब्दातून प्रतिष्ठा, करमणूक आणि फसवणूक अशा तीन वाटा फुटल्या, आणि तिन्हींत निकष पुन्हा तोच: ही नक्कल आहे हे कपाळावर लिहिले आहे का? पोथ्या उतरवून काढणारे लेखनिक शेवटी एक श्लोक लिहीत: ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न विद्यते’. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा नाही. तिथे हुबेहूब उतरवणे हे कर्तव्य होते आणि अक्षर बदलणे हा गुन्हा. आपल्या आजच्या कल्पनेच्या नेमके उलट.

उलटी चोरीही असते. दुसऱ्याचे आपल्या नावावर घालण्याऐवजी आपले दुसऱ्याच्या नावावर घुसडायचे. त्याला ‘क्षेपक’ म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत असा भरणा इतका झाला की एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ तयार केला आणि शेवटी बजावून ठेवले: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली’. अमृताच्या ताटात करवंटी. हल्ली कुणाचेही सुभाषित कुणाही थोर माणसाच्या नावाने फिरत असते. त्याला मी ‘चुकीचे श्रेय’ असे मिळमिळीत न म्हणता ‘क्षेपक’ म्हणतो. चांगला शब्द वापराविना पडून राहू नये.

मधल्या पट्ट्यातल्या शब्दांवर माझा सर्वाधिक वेळ जातो. भाषांतर, अनुवाद, रूपांतर, भावानुवाद, छायानुवाद, स्वैर अनुवाद, आधारित, बेतलेले, -वरून सुचलेले. पहिल्या दोहोंत मी फरक करत नाही; करणारे करतात, त्यांना करू द्यावा. ‘रूपांतर’ मात्र नक्की वेगळे. तिथे पात्रांची नावे, गाव, चालीरीती, कधी शेवटही बदलतो. मराठी रंगभूमी यावर उभी राहिली. गो. ब. देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटले नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द देण्याची पद्धत होती. चाल दुसऱ्याची, शब्द माझे, हे वाचकाला गाणे सुरू होण्याआधीच कळायचे. आजच्या कुठल्याही श्रेयनामावलीपेक्षा ही पद्धत स्वच्छ होती असे माझे मत आहे, कारण श्रेय ज्या ठिकाणचे त्याच ठिकाणी होते, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात नव्हते.

‘स्वैर’ हा शब्द दिसला की मी पेन्सिल हातात घेतो. कधी तो प्रामाणिक असतो: मी मोकळेपणी बदल केले आहेत, मुळाशी ताडू नका. कधी तो नुसता बुरखा असतो: कठीण वाक्ये गाळली, परवानगी घेतली नाही, मूळ लेखकाचे नाव आठव्या पानावर ढकलले. ‘प्रेरित’ त्याच्याही पुढचा. प्रेरणा मनाला मिळते, परिच्छेदाला मिळत नाही. तीन पाने जुळत असतील तर ती प्रेरणा नव्हे. ‘आधारित’ आणि ‘बेतलेले’ जास्त सरळ, कारण त्यांच्या मागे ‘कशावर?’ हा प्रश्न आपोआप येतो आणि उत्तर द्यावेच लागते.

‘प्रभाव’, ‘संस्कार’, ‘छाया’, ‘वळण’ हे घेणाऱ्याच्या नकळत घडणाऱ्या गोष्टींचे शब्द. ते शैलीला, दृष्टीला लावावेत, वाक्यांना नाही. ‘कित्ता गिरवणे’ शिकणाऱ्यासाठी, ‘री ओढणे’ मतांसाठी. स्वतःचेच जुने लेख नवे म्हणून छापणाऱ्याला ‘शिळ्या कढीला ऊत’ पुरे. विडंबनाचा तर प्रश्नच नको. मूळ कविता वाचकाला आठवली नाही तर विडंबन पडते. म्हणजे मूळ न झाकण्यावरच त्याचा जीव.

या सगळ्या पसाऱ्याचा सर्वांत बारीक हिशेब मात्र हजारेक वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत कवी-पंडिताने ‘काव्यमीमांसे’त मांडला. त्याचा शब्द ‘हरण’. शब्दहरण पाच प्रकारचे: पदाचे, पादाचे, अर्ध्या श्लोकाचे, पूर्ण वृत्ताचे आणि आख्ख्या प्रबंधाचे. कवीही चार जातींचे: उत्पादक म्हणजे नवे निर्माण करणारा, परिवर्तक म्हणजे बदलून घेणारा, आच्छादक म्हणजे झाकणारा, आणि संवर्गक म्हणजे गोळा करून आपलेसे करणारा. त्याचा एक श्लोक फार प्रसिद्ध आहे: ‘नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः । स नन्दति विना वाच्यं यो जानाति निगूहितुम्’. चोर नाही असा कवी नाही, चोर नाही असा वाणी नाही. ज्याला लपवता येते तो निंदेवाचून मजेत राहतो. हा श्लोक चोरीच्या समर्थनार्थ फेकणारे लोक एक गोष्ट विसरतात. इतर चोऱ्या काळाबरोबर विरून जातात, वाक्चौर्य मुला-नातवंडांच्या काळातही विरत नाही, हेही वचन याच ग्रंथात आले आहे.

त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे अवंतिसुंदरीचे मत. ती राजशेखराची पत्नी, आणि स्वतः विदुषी. घेणारा स्वतःची समजूत कशी घालतो याची तिने यादीच दिली आहे. हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. हे जाणणारे लोक आता उरले नाहीत. याचा कर्ता दूर देशी आहे. तिने ही कारणे घेण्याच्या बाजूने मांडली होती. मी मात्र ती आरोपींच्या जबान्यांसारखी वाचतो, कारण गेल्या बत्तीस वर्षांत मला यांखेरीज सहावे कारण क्वचितच ऐकायला मिळाले. तुमच्या प्रकरणात ‘जाणणारे उरले नाहीत’ हे लागू दिसते. जुने, बाजारात नसलेले पुस्तक निवडणे हा योगायोग असू शकतो. तो तसा नसण्याचीही शक्यता बरीच आहे.

योगायोगालाही शब्द आहे, आणि तो राजशेखराच्या आधीच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराचा: ‘संवाद’. इथे अर्थ बोलणे असा नाही, जुळणे असा. बुद्धिमंतांच्या रचना बऱ्याचदा जुळतातच, असे तो म्हणतो, आणि जुळण्याचे तीन प्रकार सांगतो: आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांसारखे. पहिली दोन टाळावीत, तिसरे खुशाल घ्यावे, कारण तिथे जीव वेगळा आहे. तुमची तीन पाने या कसोटीवर लावून पाहा. विधान तेच पण युक्तिवाद, उदाहरणे, क्रम वेगळा असेल तर तिसरा प्रकार. उदाहरणेही तीच आणि त्याच क्रमाने असतील तर आरसा.

आरसा ओळखण्याची माझी एक खात्रीची खूण आहे: चुका. एका हस्तलिखितात एका लढाईचे वर्ष चुकीचे होते. जुन्या पुस्तकाची पहिली आवृत्ती काढली, तर तिथे मुद्रणदोषाने नेमके तेच चुकीचे वर्ष. बरोबर उत्तर दोघांना स्वतंत्रपणे सापडू शकते, पण खिळे जुळवणाऱ्याची डुलकी दोघांना स्वतंत्रपणे सुचत नाही. लेखकाला मी फक्त ते पान दाखवले. दुसऱ्या दिवशी ऋणनिर्देशात एक ओळ वाढली आणि अवतरणचिन्हे आपापल्या जागी गेली.

यंत्राने मोजलेल्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या आहेत. प्रबंधांच्या ढिगाऱ्यापुढे काहीतरी मोजपट्टी हवी, हे समजते. पण यंत्र ‘साम्य’ मोजते, ‘चौर्य’ नाही. ते झाकण पाहू शकत नाही. दोनशे पानांच्या पुस्तकात तीन पाने म्हणजे दीड टक्का. नेमकी तीच पुस्तकाचा गाभा असली तर?

कायद्याचा शब्द पुन्हा वेगळा. १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात वाङ्मयचौर्य हा गुन्हा नाही, गुन्हा आहे तो प्रताधिकाराचा भंग, आणि या दोन गोष्टी एकमेकींवर नीट बसत नाहीत. ज्ञानेश्वरीतल्या ओव्या कुणी स्वतःच्या म्हणून छापल्या तर प्रताधिकार मोडत नाही, पण चौर्य पुरेपूर होते. हयात कवीची आख्खी कविता नावासकट, पण परवानगीविना छापली, तर चौर्य नाही, भंग आहे. खाली ‘साभार’ लिहिल्याने तो मिटत नाही. (‘साभार’ हा शब्द मासिकांकडून ‘साभार परत’ आलेल्या लेखकांना जास्त चांगला कळतो.) साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणजे तुमचे जुने पुस्तक बाजारात नसले तरी हक्कात असू शकते. नुसत्या कल्पनेवर मात्र हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटक-चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केले. परीक्षणासाठी दोन्ही पुस्तकांतले उतारे देण्याची मुभा तुम्हाला कायद्यानेच आहे, ती वापरा.

तर तुमच्या परीक्षणासाठी माझा सल्ला: नाम टाळा, क्रियापद वापरा. ‘हे वाङ्मयचौर्य आहे’ असे न लिहिता ‘अमुक ते अमुक पानांवरचा मजकूर अमुक पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातून जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे, त्याचा उल्लेख तळटिपांत, सूचीत किंवा ऋणनिर्देशात नाही’ असे लिहा. खाली दोन्हींतला एकेक परिच्छेद शेजारी शेजारी छापा. ‘घेतला आहे’ हे सौम्य वाटेल, पण ‘उल्लेख नाही’ जोडल्यावर ते सौम्य राहत नाही. लेखक ‘चोर’ या शब्दावर भांडू शकतो, शेजारी शेजारी छापलेल्या परिच्छेदांवर भांडायला त्याच्याकडे फारसे काही नसते.

आणि छापण्याआधी नव्या पुस्तकाच्या सर्व आवृत्त्यांचा ऋणनिर्देश पाहा, तसेच तिसरे पुस्तक आहे का ते शोधा. औषधी वनस्पतींवरच्या एका हस्तलिखिताबाबत मी असाच फसलो होतो. त्यातली अकरा पाने एका जुन्या पुस्तकातली निघाली. लेखकाला पाठवायचे पत्र मी तयार केले आणि त्यात, वर दिलेला सल्ला धाब्यावर बसवून, ‘चोरी’ हा शब्द दोनदा घातला. पाकीट बंद करण्याआधी सहज त्याहून जुने एक पुस्तक चाळले, तर तीच अकरा पाने तिथेही होती. आमच्या लेखकाने त्या सर्वांत जुन्या पुस्तकाचे नाव सूचीत पहिल्याच क्रमांकावर दिले होते. माझेच लक्ष गेले नव्हते. ज्याची बाजू घेऊन मी पत्र लिहिले होते, त्या मधल्या पुस्तकात मात्र त्याचे नाव कुठेच नव्हते. शेवटी लेखकाला मी एवढेच कळवले की या पानांना अवतरणचिन्हे हवीत.